पेपर किती, सायटेशन किती: नाशिकच्या नव्या रेसिडेंट आणि असिस्टंट प्रोफेसरांसाठी

प्रमोशनचा अर्ज घ्या, पीएच.डी. गाईड म्हणून मान्यता मागायचा अर्ज घ्या, नाहीतर संशोधनासाठी निधी मागायचा प्रस्ताव घ्या. दोन-तीन पानं उलटली की तो रकाना येतोच: एकूण प्रकाशनं, एकूण सायटेशन (तुमच्या पेपरांचे इतर पेपरांत झालेले उल्लेख), एच-इंडेक्स. मग फोन सुरू होतात. "सर, स्कोपसवर माझं नाव दोनदा दिसतंय." "गूगलवर सायटेशन जास्त आहेत, स्कोपसवर कमी, कोणते लिहू?" "हे जर्नल इंडेक्स्ड आहे असं गाईड म्हणाले होते, पण आता सापडत नाहीये." (स्कोपस हा संशोधन-लेखांचा डेटाबेस; इंडेक्स्ड म्हणजे अशा एखाद्या डेटाबेसने आपल्या यादीत घेतलेलं.)

आमच्या विभागाची प्रकाशनांची यादी जुळवायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. इन्स्पेक्शनच्या आधी हे प्रश्न ठरलेल्या क्रमाने येतात आणि उत्तरंही तीच असतात, म्हणून ती इथे एकदाच लिहून ठेवतो. क्रम मात्र सोडू नका. बहुतेक जण थेट आकड्यापासून सुरुवात करतात आणि अडकतात. आधी नाव, मग यादी, मग आकडा. नावात घोळ असेल तर यादी अर्धवट निघते, आणि अर्धवट यादीवरून काढलेला एच-इंडेक्स तुमचा नसतोच.

हा लेख मुख्यतः एमबीबीएसनंतरच्या एमडी-एमएस मंडळींसाठी आहे. आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपीवाल्यांचं विद्यापीठ एकच असलं (म्हसरूळचं आपलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ पासूनचं), तरी शिक्षकांच्या पात्रतेचे नियम ज्याच्या त्याच्या परिषदेचे असतात. पहिल्या चार पायऱ्या मात्र सगळ्यांना सारख्याच लागू आहेत.

बसण्याआधी हाताशी काय हवं

- प्रत्येक पेपरची पूर्ण पीडीएफ. नुसता गोषवारा किंवा लिंक चालत नाही.
- प्रत्येक पेपरचा डीओआय (लेखाचा कायमचा पत्ता), आणि असेल तर पीएमआयडी (पबमेड या वैद्यकीय लेख शोधायच्या पानावरचा लेखाचा क्रमांक)
- स्वीकृतीचा ईमेल किंवा पत्र
- एथिक्स कमिटीच्या मंजुरीचं पत्र. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआय (देशातल्या ट्रायलची नोंदवही) नोंदणी क्रमांक.
- नाव बदललं असेल तर राजपत्राची किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत
- स्वतःचा खासगी ईमेल, आणि कॉलेजचा असेल तर तोही
- एक साधी एक्सेल शीट. रकाने: शीर्षक, जर्नल, वर्ष, लेखकांमधला तुमचा क्रमांक, लेखाचा प्रकार, कुठे इंडेक्स्ड, पुरावा कधी पाहिला.

शेवटचा रकाना फालतू वाटेल. पाचव्या पायरीत त्याचं कारण कळेल.

१. आधी नाव पक्कं करा

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि आपल्या मराठी नावांमुळे तो जरा जास्तच जातो.

पबमेडवर लेखकाचं नाव आडनाव आणि आद्याक्षरं अशा रूपात दिसतं. म्हणजे सुनीता रमेश पाटील झाल्या ‘पाटील एस आर’. आता महाराष्ट्रात ‘पाटील एस आर’ किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा. सर्जरीतले, पॅथॉलॉजीतले, शेतकी कॉलेजातले, सगळे एकाच नावाखाली. शोधताना नुसतं ‘पाटील एस’ टाकलंत तर एस आर, एस डी, एस व्ही सगळे पाटील पानावर येतात.

दुसरी गंमत आडनाव आधी लिहायच्या आपल्या सवयीची. मार्कशीटवर ‘पाटील सुनीता रमेश’ असतं, तेच आपण जर्नलच्या फॉर्ममध्ये जसंच्या तसं उतरवतो. संगणक शेवटच्या शब्दाला आडनाव समजतो आणि पेपर छापला जातो ‘रमेश पी एस’ या नावाने. हा पेपर पुढे ‘पाटील’ शोधून कधीच सापडणार नाही. जर्नलच्या पोर्टलवर नावाचे आणि आडनावाचे वेगळे रकाने असतात. सहलेखकांची माहिती भरण्याचं काम ज्या रेसिडेंटकडे असतं, त्याला हे आधीच बजावून ठेवा.

तिसरा घोळ स्पेलिंगचा. वाघ कोणी डब्ल्यूने लिहितं, कोणी व्हीने. सोनवणे, चौधरी, गायकवाड यांची तर विचारूच नका. एक स्पेलिंग ठरवा आणि आयुष्यभर तेच ठेवा. शक्यतो पासपोर्टवरचं.

चौथा घोळ लग्नानंतरचा, आणि त्याचा भुर्दंड फक्त बायकांना बसतो. एमडीच्या वेळी पाटील, असिस्टंट प्रोफेसर होईपर्यंत वाघ. मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं आलं. डेटाबेसच्या दृष्टीने ‘पाटील एस आर’ आणि ‘वाघ एस डी’ या दोन वेगळ्या बाया आहेत आणि त्यांचं एकमेकींशी काही नातं नाही. माझं स्पष्ट मत: पहिला पेपर ज्या नावाने छापला, तेच नाव संशोधनात पुढे चालू ठेवा, आधार कार्डावर काहीही असो. तसं करणं कायद्याने मुळीच अडत नाही. तोवर नाव बदलून झालं असेल, तर दुसऱ्या पायरीतला उपाय करा.

आणि शेवटी पत्ता. ‘नाशिक’ इंग्रजीत कोणी एस-नंतर एच घालून लिहितं, कोणी एच गाळून. दोन्ही रूढ आहेत, म्हणून शोधताना दोन्ही टाका. लिहिताना मात्र कॉलेजचं अधिकृत पूर्ण नाव, मग नाशिक, महाराष्ट्र, भारत, या क्रमाने आणि दर वेळी अक्षर न् अक्षर तेच. काही रेसिडेंट कॉलेजऐवजी विद्यापीठाचंच नाव पत्त्यात लिहितात, काही नुसतं हॉस्पिटलचं. मग कॉलेजच्या यादीत तो पेपर लागत नाही आणि डीन ऑफिसमधून फोन येतो.

२. ऑर्किड काढा

ऑर्किड म्हणजे संशोधकाचा सोळा अंकी कायमचा क्रमांक. २०१२ पासून ही सोय आहे, फुकट आहे, आणि काढायला चहा थंड व्हायच्या आत होतं. शेवटच्या जागी कधी अंकाऐवजी एक्स हे अक्षर येतं, ते चूक नव्हे.

खातं उघडताना खासगी ईमेल नक्की जोडा. कॉलेज बदललं की जुना ईमेल बंद होतो, पासवर्डही विसरलेला असतो, आणि मग लोक दुसरा ऑर्किड काढतात. दोन ऑर्किड म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर. ‘इतर नावं’ असा एक रकाना तिथे असतो. लग्नाआधीचं नाव, उलटं छापलेलं नाव, चुकीचं स्पेलिंग, सगळं त्यात टाका.

पेपर एकेक करून टाईप करत बसू नका. पीएमआयडी किंवा डीओआय दिला की माहिती आपोआप येते, आणि क्रॉसरेफला (डीओआय नोंदवणारी संस्था) परवानगी देऊन ठेवली तर पुढचे पेपर, त्यात तुमचा ऑर्किड दिलेला असेल तर, स्वतःहून येऊन बसतात. ऑर्किड सायटेशन मोजत नाही, हे मात्र लक्षात असू द्या. तिथे एच-इंडेक्स शोधणारे दर वर्षी दोघे-तिघे भेटतातच.

३. पबमेडवर स्वतःला शोधा

आडनाव आणि आद्याक्षरं टाका, सोबत कॉलेजचं किंवा शहराचं नाव टाका. जुने पेपर मिळाले नाहीत तर घाबरू नका. २०१४ च्या आधी पबमेड फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवत असे. तुम्ही २०११ च्या पेपरात तिसरे लेखक असाल तर ‘नाशिक’ टाकून तो मिळणार नाही. पहिल्या लेखकाच्या नावाने किंवा शीर्षकाने शोधा.

‘पबमेडमध्ये आहे’ या दोन शब्दांखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात. मेडलाइन ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने निवडलेल्या जर्नलांची यादी. पबमेड सेंट्रल हे पूर्ण लेखांचं खुलं भांडार, सन २००० पासूनचं. पबमेड हे या दोन्हींवरून आणि आणखी काही ठिकाणांहून शोधणारं पान. एखाद्या संशोधनाला परदेशी निधी असतो, म्हणून त्याचा तेवढा एकच लेख पबमेड सेंट्रलमध्ये जमा होतो आणि पबमेडवर दिसतो. त्यावरून ते अख्खं जर्नल ‘पबमेड इंडेक्स्ड’ ठरत नाही. जर्नलचे संपादक मात्र तसं बिनदिक्कत लिहितात. खात्री करायची तर त्याच ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाका. ‘सध्या मेडलाइनमध्ये इंडेक्स्ड’ अशी नोंद तिथे स्पष्ट असते.

४. गूगल स्कॉलर आणि स्कोपस

गूगल स्कॉलरवर प्रोफाइल करणं सोपं आहे, म्हणून तेच सगळ्यात बिघडलेलं असतं. ते तुमच्या नावाचे वाटतील ते लेख तुमच्या नावावर चढवतं. एखाद्या सर्जनच्या प्रोफाइलमध्ये सोयाबीनवरचा पेपर, तोही भरपूर सायटेशनवाला, असं हमखास सापडतं. सेटिंगमध्ये ‘आपोआप जोडा’ ऐवजी ‘आधी मला ईमेलने विचारा’ हे निवडा. एकच पेपर दोनदा आला असेल तर दोन्ही नोंदी निवडून एकत्र करा. दुसऱ्याचे पेपर काढून टाका, मग आकडा निम्म्यावर आला तरी चालेल. मुलाखतीत समोरच्याने सोयाबीनबद्दल विचारलं तर काय सांगणार?

स्कोपस हा एल्सेव्हिअरचा डेटाबेस, पैसे भरून वापरायचा. पण लेखकाचं प्रोफाइल आणि जर्नलची माहिती फुकट पाहता येते. तुमचे दोन-तीन प्रोफाइल झालेले असतील तर ते एकत्र करण्याची विनंती तिथूनच करता येते, तीही फुकट. ती करताना पेपरांची यादी नीट वाचून मगच होय म्हणा, नाहीतर शेजारच्या जिल्ह्यातल्या नामसाधर्म्यवाल्या डॉक्टरांचे पेपर तुमच्याकडे येतील. दुरुस्ती दिसायला वेळ लागतो. अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या आठवड्यात हे काम काढू नका.

वेब ऑफ सायन्स हे क्लॅरिव्हेट कंपनीचं. १९६४ मध्ये यूजीन गारफिल्ड यांनी सुरू केलेल्या सायन्स सायटेशन इंडेक्सचा हा आजचा अवतार. कॉलेजची वर्गणी असेल तर पाहा, नसेल तर अडून बसू नका.

तिन्हीकडे आकडे वेगवेगळे येणारच. गूगल थिसिस, परिषदेतले गोषवारे, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच खुले केलेले मसुदे), सगळ्यातून आलेली सायटेशन मोजतं. स्कोपस फक्त स्वतः निवडलेल्या स्रोतांतली मोजतं. त्यामुळे गूगलचा आकडा बहुधा सगळ्यात मोठा असतो.

५. प्रत्येक जर्नल तपासा

ही पायरी गाळून पुढे गेलेल्या माणसाला नंतर कोणी वाचवू शकत नाही.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२२ च्या शिक्षक पात्रता नियमांत कोणत्या डेटाबेसमधली जर्नलं चालतील याची यादी दिली होती: मेडलाइन, पबमेड सेंट्रल, सायन्स सायटेशन इंडेक्स, एम्बेस, स्कोपस, आणि खुल्या जर्नलांची निर्देशिका म्हणजे डीओएजे. लेखाचा प्रकारही सांगितला होता: मूळ संशोधन, मेटा-अ‍ॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, केस सिरीज. एका रुग्णाचा केस रिपोर्ट आणि संपादकाला पत्र त्यात बसत नव्हते. २०२५ मध्ये शिक्षकांच्या पात्रतेची नवी नियमावली आली आहे. म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी आयोगाच्या संकेतस्थळावरची ताजी अधिसूचना स्वतः उघडून वाचा. सिनिअरांनी त्यांच्या वेळी काय केलं ते ऐका, पण त्यावर विसंबू नका. त्यांची नियमावली वेगळी होती. २०१५ च्या मेडिकल कौन्सिलच्या (आयोगाआधीची संस्था) यादीत इंडेक्स कोपर्निकस चालत असे, पुढे ते वगळलं गेलं. त्या काळात प्रमोशन झालेले सर आजही भाबडेपणाने तीच जर्नलं सुचवतात.

यूजीसीच्या केअर यादीबद्दलही विचारणा होते. ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. ‘यूजीसी केअर मान्यताप्राप्त’ असं आजही मिरवणाऱ्या जर्नलापासून दोन हात दूरच राहा.

आता सापळे. व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या जाहिराती तुम्हालाही येत असतील: स्कोपस इंडेक्स्ड, सात दिवसांत स्वीकृती, पहिल्या लेखकाची जागा उपलब्ध. जागा विकणाऱ्यांबद्दल वेगळं काही बोलायची गरज नाही. पण बाकीचे फसवे प्रकार एवढे उघड नसतात.

काही जर्नलं स्कोपसमध्ये होती, आता नाहीत. त्यांच्या संकेतस्थळावर मात्र जुना शिक्का तसाच असतो. स्कोपसच्या पानावर जर्नलच्या नावासमोर कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत ते घेतलं गेलं ते लिहिलेलं असतं. तुमच्या पेपरचं वर्ष त्यात बसतं का ते पाहा, त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढा आणि एक्सेलच्या शेवटच्या रकान्यात तारीख लिहा. आज यादीत असलेलं जर्नल तीन वर्षांनी, तुमच्या मुलाखतीच्या वेळी, यादीत असेलच याची हमी कोणी देत नाही. पेपर छापला तेव्हा ते यादीत होतं, हे तुम्हाला कागदावर दाखवता आलं पाहिजे.

काही जर्नलांची हुबेहूब नकली संकेतस्थळं असतात. नाव तेच, आयएसएसएन तोच, पैसे मात्र दुसऱ्याच खात्यात. म्हणून जर्नलची लिंक गूगलवरून किंवा ईमेलमधून घेऊ नका. स्कोपसच्या किंवा डीओएजेच्या पानावरून जर्नलच्या संकेतस्थळावर जा.

आयएसएसएन आणि डीओआय म्हणजे दर्जाचं प्रमाणपत्र नाही. पहिला जर्नलचा नोंदणी क्रमांक, दुसरा लेखाचा कायमचा पत्ता. दोन्ही कोणालाही मिळतात. डीओआय टाकल्यावर तुमचाच लेख उघडतो ना, एवढं मात्र नक्की पाहा. काही जर्नलं नुसताच दिसायला डीओआयसारखा क्रमांक छापतात आणि तो कुठेही उघडत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टर फक्त क्लॅरिव्हेट देतं. २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे २०२२ आणि २०२३ मध्ये छापलेल्या लेखांना २०२४ मध्ये मिळालेली सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतले मोजण्याजोगे लेख. बाकी ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ अशा विशेषणांचे इम्पॅक्ट फॅक्टर पैसे देऊन मिळतात. एक सोपी खूण सांगतो. २०२३ च्या अहवालापासून क्लॅरिव्हेट दशांश चिन्हानंतर एकच अंक देतं. एखादं जर्नल अलीकडच्या वर्षाचा इम्पॅक्ट फॅक्टर ५.३४७ असा सांगत असेल तर तो दुसरीकडूनच आलेला आहे. आणि मूळ मुद्दा असा, की इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, तुमचा नाही. सगळ्या पेपरांचे इम्पॅक्ट फॅक्टर बेरीज करून बायोडेटात लिहिणारे लोक मी पाहिले आहेत. त्या बेरजेला काहीही अर्थ नाही.

६. लेखकांच्या रांगेतली तुमची जागा

२०२२ च्या नियमांत पहिल्या तीन लेखकांत असणं किंवा करस्पॉन्डिंग ऑथर (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक) असणं आवश्यक होतं. चौथ्या क्रमांकावरचे दहा पेपर असूनही फाईल अडकल्याची उदाहरणं त्यामुळेच घडली. म्हणून क्रम पेपर लिहायला घेण्याआधी ठरवा आणि ईमेलवर लेखी ठेवा. तोंडी ठरलेलं, पेपर स्वीकारला गेला की, कोणाला आठवत नाही.

लेखक कोणाला म्हणायचं याचे चार निकष वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने घालून दिले आहेत: संशोधनात भरीव वाटा, लेखन किंवा चिकित्सक दुरुस्ती, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी. चारही हवेत. एचओडींचं नाव ‘रीत म्हणून’ घालायची पद्धत या निकषांत बसत नाही. ती पद्धत आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि नव्या रेसिडेंटने एकट्याने तिच्याशी भांडावं असं मी सांगणार नाही. पण एचओडींना मसुदा खरोखर वाचायला द्या, त्यांच्या दुरुस्त्या लेखी मागा. बरेच जण आनंदाने देतात, आणि मग त्या नावाला काहीतरी अर्थ येतो.

७. आता आकडे

एच-इंडेक्स २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला. हाताने काढून पाहा, एकदा काढला की कायमचा समजतो.

समजा तुमचे बारा पेपर आहेत. सायटेशन जास्त ते कमी असे लावले: ४१, २२, १५, ९, ७, ६, ५, ३, २, १, ०, ०. आता वरून मोजत या. सहाव्या पेपरला सायटेशन सहा, म्हणजे जमलं. सातव्याला पाचच, नाही जमलं. एच-इंडेक्स सहा, म्हणजे किमान सहा-सहा सायटेशन मिळालेले सहा पेपर. एकूण सायटेशन १११. दहा किंवा जास्त सायटेशनवाले पेपर तीन, म्हणून गूगलचा आय-टेन इंडेक्स तीन.

या रांगेकडे जरा वेळ पाहा. पहिल्या पेपरची सायटेशन ४१ वरून ४०० झाली तरी एच-इंडेक्स सहाच राहतो. उलट सहाव्या पेपरला एक आणि सातव्याला दोन, अशी फक्त तीन नवी सायटेशन योग्य ठिकाणी पडली, की तो सात होतो. म्हणजे एखादं मोठं काम केलेल्या माणसावर हा आकडा अन्याय करतो आणि सातत्याने मध्यम काम करणाऱ्यावर मेहेरबान असतो. तो कधी कमी होत नाही, म्हणून निवृत्त सरांचाही वाढत राहतो. आणि त्यातच एक मोह दडलेला आहे: सहाव्या-सातव्या पेपराचा उल्लेख आपल्याच पुढच्या पेपरात करून तो ढकलता येतो. स्कोपसमध्ये स्वतःची सायटेशन वगळून आकडा पाहायची सोय आहे, आणि निवड समितीतले लोक ती वापरतात.

विषयांची तुलना करू नका. जनुकशास्त्रातले पेपर आणि निफाडच्या द्राक्षबागांतल्या औषध फवारणीमुळे होणाऱ्या त्रासावरचा पेपर, यांची सायटेशन एका तराजूत मावत नाहीत. दुसऱ्या विषयावर लिहिणारेच जगात मोजके. अशा वेळी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं आय-साईट हे फुकट साधन वापरा. पीएमआयडी टाकले की प्रत्येक पेपरचं सापेक्ष सायटेशन प्रमाण मिळतं, म्हणजे त्याच प्रकारच्या, त्याच काळातल्या पेपरांच्या तुलनेत तुमचा पेपर कुठे आहे. १.० म्हणजे त्या संस्थेच्या निधीवर झालेल्या पेपरांमधला मधला. नव्या पेपरांचे आकडे तात्पुरते असतात, त्यांवर फार भर देऊ नका.

‘जगातील दोन टक्के शास्त्रज्ञांत आपल्या डॉक्टरांचा समावेश’ ही बातमी दर वर्षी स्थानिक पानावर येते. ती यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोआनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून काढतात. ती दोन प्रकारची असते: एक संपूर्ण कारकिर्दीची, एक फक्त त्या वर्षाची. अभिनंदन करा, पण यादी कोणती ते आधी विचारा.

८. सायटेशन कोणी दिलं आणि कशासाठी

ही पायरी अर्जासाठी लागत नाही. एखाद्याचा संशोधनाचा रेकॉर्ड वाचायचा असेल, विशेषतः थिसिससाठी किंवा पीएच.डी.साठी गाईड निवडायचा असेल, तर हीच खरी.

सायटेशन म्हणजे शाबासकी असं नाही. अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लस आणि ऑटिझमवरचा १९९८ चा पेपर लॅन्सेटने २०१० मध्ये मागे घेतला. त्याची सायटेशन आजही प्रचंड आहेत, बरीचशी तो चुकीचा कसा होता हे सांगणारी. उलट जगात सर्वाधिक सायटेशन मिळालेला पेपर म्हणून नाव घेतलं जातं ते १९५१ च्या लॉरी आणि सहकाऱ्यांच्या लेखाचं: द्रावणातलं प्रथिन मोजायची पद्धत. तीन लाखांहून जास्त वेळा उल्लेख, आणि सगळा एका प्रयोगशाळेतल्या रोजच्या कामाचा.

आपल्याकडचं पाहा. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांवर प्राझोसिन हे औषध वापरून १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिलं. त्या पेपरचं मोजमाप सायटेशनमध्ये करायचं की विंचवाने मरायचं थांबलेल्या कोकणातल्या पोरांमध्ये? डॉ. अभय आणि राणी बंग यांचं गडचिरोलीतलं घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याचं काम १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं. त्याला सायटेशनही भरपूर मिळाली, पण पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर चालणाऱ्या कार्यक्रमात त्याचा धागा गेला, हे सायटेशनच्या आकड्यात उतरत नाही. म्हणून गाईडची यादी पाहताना एवढं तपासा: एकाच प्रश्नावर सलग काम दिसतं का? पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून किती पेपर आहेत? (वैद्यकशास्त्रात शेवटची जागा बहुधा ज्येष्ठ संशोधकाची असते.) त्यांच्या विद्यार्थ्यांना पहिलं नाव मिळालंय का? शेकडो लेखकांच्या जागतिक प्रकल्पांचे पेपर बाजूला काढले तर यादीत काय उरतं? आणि कुठला पेपर मागे घेतला गेलाय का? हे शेवटचं पबमेडवर लाल पट्टीने दिसतं, आणि रिट्रॅक्शन वॉचची यादी क्रॉसरेफकडे आल्यापासून सर्वांना खुली आहे.

९. अर्जात लिहिताना

आकडा कधीही एकटा लिहू नका. डेटाबेस आणि तारीख सोबत हवी. नमुना असा: ‘एच-इंडेक्स ६, एकूण सायटेशन १११, स्कोपस, १० जून २०२५ रोजी पाहिल्याप्रमाणे’. गूगलचा आकडाही द्यायचा असेल तर वेगळ्या ओळीत. सायटेशन गूगलची आणि एच-इंडेक्स स्कोपसचा अशी खिचडी लगेच पकडली जाते.

पेपरांची यादी वर्षानुसार लावा आणि प्रत्येक नोंदीत तुमचं नाव ठळक करा. मूळ संशोधन, रिव्ह्यू, केस रिपोर्ट वेगवेगळ्या मथळ्यांखाली ठेवा. केस रिपोर्ट नियमात बसत नसला तरी गाळू नका, पण मोजणीत धरू नका. स्वीकारला गेलेला पण अजून न छापलेला पेपर स्वतंत्र लिहा आणि पत्र जोडा. ‘विचाराधीन’ पेपर अर्जात लिहूच नका.

प्रत्येक पेपरमागे कागदांचा एक गठ्ठा: पहिलं पान, इंडेक्सिंगचा तारखेचा स्क्रीनशॉट, एथिक्स कमिटीचं पत्र. ट्रायल असेल तर सीटीआरआयची नोंद, आणि त्यावरची तारीख पहिला रुग्ण घेण्याच्या आधीची आहे ना ते तपासा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे आधीच नोंदणी करावी लागते, मागाहून चालत नाही. नाव बदललेलं असेल तर राजपत्राची प्रत अगदी वर लावा, तीही साक्षांकित. छाननी करणारा कारकून ऑर्किड उघडून पाहत नाही. त्याला अर्जावरचं नाव आणि पेपरवरचं नाव जुळताना दिसलं पाहिजे.